लोअर आर्म तीनदा बदलले तरी खडखड परत येते? वापरलेली सेडान घेण्याआधी हे तपासा

माझ्या सेडानचे पुढचे लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे लोखंडी हात) पंधरा महिन्यांत तीनदा बदलले गेले. दर वेळी गॅरेजमधून बाहेर पडताना गाडी नव्यासारखी शांत असायची. चार-पाच महिने गेले की डाव्या बाजूने पुन्हा ‘खट्’. आधी फक्त स्पीडब्रेकरवर, मग पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत, आणि शेवटी नुसता ब्रेक मारला तरी. त्यात स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे ओढायची. आता चौदा महिने झाले, आवाज नाही आणि ओढणंही नाही. दोन्ही त्रासांची कारणं वेगवेगळी निघाली. दोन्ही मला गाडी घेण्याआधीच सापडू शकली असती, हे कळल्यावर फार लागलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गाडी घेताना मी काय बघितलं होतं? इंजिन ऐकलं, एसी लावला, कागद तपासले, नागपुरातून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेऊन आणली. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर गाडी सुरेख चालली. आधीच्या मालकाने बिलांची जाड फाइल हातात ठेवली तेव्हा तर माझा निर्णयच झाला. त्या फाइलमध्ये लोअर आर्म बदलल्याची दोन बिलं होती, सात महिन्यांच्या अंतराने. मला वाटलं, बघा किती काळजीने गाडी ठेवली आहे. खरं तर तीच धोक्याची खूण होती. चांगला लोअर आर्म सात महिन्यांत जात नाही. तो गेला असेल, तर खराब करणारं कारण गाडीतच बसलेलं आहे आणि गाडीसोबत तेही तुमच्या दारात येणार आहे.

होंडा सिटी, ह्युंदाई वेर्ना, फोक्सवॅगन व्हेंटो, स्कोडा रॅपिड, जुनी फोर्ड फिएस्टा, फियाट लिनिया, आता स्लाव्हिया आणि व्हर्टस. या वर्गातल्या गाड्या लोक जुन्या बाजारात शोधतात, त्यातले बरेच जण वळणावरच्या पकडीसाठी शोधतात. स्टिअरिंग इकडे वळवलं की नाक लगेच इकडे आलं पाहिजे, गाडी झोके घेता कामा नये, हे सुख. पण हे सुख इंजिनात नसतं. ते चार टायरमध्ये, स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि धक्के जिरवणारा शॉकअप एकत्र असलेला खांब), दोन्ही चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारमध्ये आणि लोअर आर्म सबफ्रेमला, म्हणजे इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीला, जिथे जोडला जातो तिथल्या मुठीएवढ्या रबरी बुशांमध्ये असतं. इंजिन दोन लाख किलोमीटर चालतं, रबर चालत नाही. उन्हाने रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तरी कोणी त्याची बातमी करत नाही. त्यामुळे आठ-दहा वर्षांची, मीटरवर फक्त 40,000 किलोमीटर दाखवणारी गाडीही बुशच्या बाबतीत म्हातारी असू शकते. कमी चालली म्हणजे रबर ताजं, असा हिशोब करू नका.

बुश पुन्हा पुन्हा का फाटतात

तिसऱ्यांदा आवाज परत आल्यावर मी गॅरेज बदललं. तिथल्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, उभी केली, त्यामुळे चारही चाकांवर वजन तसंच राहिलं, आणि खाली उतरून त्याने लोअर आर्मचा पुढचा बोल्ट थोडा सैल केला. ‘कट्’ असा आवाज आला आणि बुशच्या मधली लोखंडी नळी डोळ्यांदेखत फिरली. तो म्हणाला, “भाऊ, गाडी लिफ्टवर लटकून होती तेव्हाच बोल्ट पुरा कसून टाकला यांनी. बुश त्या दिवसापासूनच पिळलेलं आहे. फाटणार नाही तं काय होईल?”

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. या बुशमध्ये बाहेर एक कडं असतं, आत एक नळी असते आणि मधलं रबर दोघांनाही पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट कसला की आतली नळी सबफ्रेममध्ये आवळली जाते, ती हलत नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा बाहेरचं कडं आर्मसोबत फिरतं आणि मधलं रबर पिळतं. तसं पिळणं हेच त्याचं काम आहे. गाडी सपाट रस्त्यावर उभी असताना मात्र ते अजिबात पिळलेलं नको. आता गाडी लिफ्टवर आहे, चाकं खाली लोंबत आहेत आणि त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची विश्रांतीची जागा लोंबत्या चाकाची ठरते. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं. खड्ड्यात चाक वर गेलं की आणखी पिळतं. मग चार-पाच महिन्यांत फाटतं.

योग्य पद्धत सोपी आहे, पण वेळ खाते. बोल्ट हाताने जेमतेम बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बोनेटवर दोन-चारदा दाबून सस्पेन्शन बसू द्यायचं आणि मग पिटवर किंवा रॅम्पवर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने, कसायचं. पिट नसेल तर हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली) जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणायचं आणि मग कसायचं. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, काढले की नवीन टाकावे लागतात. बोल्ट आडवा असलेल्या बुशला हा नियम सगळ्यात कडक लागू होतो. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या टॉर्शन बीमच्या बुशलाही तोच. मागच्या बाजूचा आवाज डिकीतून येतो असं समजून लोक स्टेपनी आणि पाना-जॅक कापडात गुंडाळून ठेवतात, आणि खरा दोष त्या बीमच्या बुशमध्ये असतो.

माझ्या गाडीत त्या दिवशी नवीन आर्म बसले, जमिनीवर कसले गेले आणि आवाज गेला तो गेलाच.

डावीकडे ओढणं मात्र राहिलं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तोवर दोनदा झालं होतं आणि कागदावर सगळं हिरवं, म्हणजे मर्यादेत, होतं. मग मिस्त्रीने पुढचे दोन टायर आपापसात बदलले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. गाडी आता उजवीकडे ओढायला लागली. म्हणजे दोष टायरचाच होता. टायरच्या आतल्या पट्ट्यांची बांधणी किंचित तिरकी असेल किंवा एका कडेने झीज जास्त झाली असेल, तर टायर शंकूसारखा वागतो आणि गाडी एका बाजूला नेतो. ही चाचणी फुकट आहे, पंधरा मिनिटांची आहे. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसावा, असेल तर बाजू बदलता येत नाही. टायरांची बाजू बदलल्यावरही गाडी त्याच बाजूला ओढत राहिली, तर मग ब्रेक कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकणं, दोन चाकांच्या कास्टरमधला (स्टिअरिंगच्या आसाच्या पुढे-मागे कलण्यातला) फरक, वाकलेला आर्म अशी कारणं शोधायची. एक लक्षात ठेवा, आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे किंचित उतरते असतात. त्यामुळे अगदी हलकं डावीकडे सरकणं हा दोष नाही.

टायर वाचायला शिका

गाडी बघायला गेलात की बोनेट उघडण्याआधी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरवर हात फिरवा. आतली कड गुळगुळीत आणि बाहेरची चांगली असेल, तर टो (वरून बघताना चाक आत-बाहेर वळलेलं असणं) किंवा कॅम्बर (समोरून बघताना चाक कललेलं असणं) बिघडलेला आहे. टायर हाताला एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखा टोचत असेल, तर टो चुकला आहे. टायरवर थोड्या थोड्या अंतराने खोलगट डाग असतील, तर शॉकअप कमजोर आहे, चाक रस्त्यावर उड्या मारत चाललं आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरवर येतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

आणि चारही टायर नवेकोरे असतील तर? लोक यावर खूश होतात, मला आता काळजी वाटते. विकण्याआधी टायर बदलले म्हणजे जुन्या झिजेचा पुरावा गेला. अशा वेळी स्टेपनी बघा, ती कधीतरी पुढे लावलेली असू शकते. शिवाय नव्या टायरसोबत अलाइनमेंट केलं असेल तर त्याचा छापील कागद मागा. त्यावर आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे असतात. मी तिथे हिरवा रंग बघत नाही, डाव्या-उजव्यातला फरक बघतो. यातल्या बहुतेक गाड्यांत पुढे फक्त टो बदलता येतो, कॅम्बर आणि कास्टर बदलायची सोयच नसते. म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला, तर काहीतरी वाकलं किंवा सरकलं आहे असं धरून चला. स्ट्रट, हबचा भाग, नाहीतर सबफ्रेम. मागच्या बीमचे आकडे वाकडे असतील तर गाडीला मागून किंवा बाजूने ठोकर बसलेली असू शकते. कागद नसेल तर अलाइनमेंट स्वतःच्या पैशाने करून घ्या, पण सौदा होण्याआधी. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

चालवून बघताना

टायरमधली हवा आधी तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. हवा जास्त भरली की स्टिअरिंग हलकं आणि चपळ वाटतं, कमी असली की खड्डे मऊ लागतात. दोन्ही प्रकारांनी दोष झाकले जातात. तपमान साधारण 5-6 अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे दुपारी उन्हात उभ्या गाडीची हवा मोजून काही कळत नाही. सकाळी जा. इंजिनही थंडच मिळतं.

सकाळचा माझा रस्ता ठरलेला आहे. सुरुवात एखाद्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत: काचा खाली, एसी बंद, गाणी बंद, वेग 10 ते 15. लहान लहान धक्क्यांवर हलकी ‘टकटक’ आली तर ती बहुतेक अँटी-रोल बारची लिंक रॉड असते, गॅरेजवाले तिला जम्पिंग रॉड म्हणतात. स्वस्त पार्ट, घाबरायचं कारण नाही. मोठ्या धक्क्यावर जाड ‘धप्’ आला तर स्ट्रट माउंट किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि हब जोडणारा गोल सांधा). ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना एकच ‘खट्’ आला तर लोअर आर्मचं बुश किंवा इंजिन माउंट. यासाठी मोकळ्या जागेत चार वेळा पुढे-मागे करून हळूच ब्रेक दाबा. तसंच स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, ‘कटकटकट’ असा ठेका आला तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला.

मग सेमिनरी हिल्स. तिथली वळणं आणि चढ-उतार या कामाला फार चांगले आहेत. वेग 30-40 च्या वर न्यायची गरज नाही. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हळूहळू स्वतःहून मधोमध यायला पाहिजे. ते मध्येच अडकून राहिलं, हाताने परत आणावं लागलं, तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग जाम आहे का बघा. वळणातच एखादा उंचवटा आला आणि गाडीने मागून एक जास्तीची उडी घेतली, तर मागचे शॉकअप संपले आहेत. चांगल्या सेडानमध्ये असा धक्का एकदाच जाणवतो आणि तिथेच विरतो.

त्यानंतर वर्धा रोडचा डबल डेकर उड्डाणपूल. खाली रस्ता, मधे आपण, वर मेट्रो, लांबी 3.14 किलोमीटर. तिथे 50 च्या एकसारख्या वेगाने जाताना सांधे ऐका. प्रत्येक सांध्यावर दोन आवाज येतात, आधी पुढच्या चाकांचा, मग मागच्यांचा. दोन्ही घट्ट, कोरडे आणि सारखे असले पाहिजेत. एकामागे खुळखुळ्यासारखी शेपटी लागली, तर कोणत्या टोकाचं काम आहे ते तिथेच कळतं. 80 ते 100 च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि पुढे कमी होतं, तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. थरथर सीटमध्ये जाणवली तर मागची चाकं. फक्त ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क सारखी राहिलेली नाही.

इथे नागपूरकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या शहरात सिमेंटचे रस्ते इतके झाले आहेत की टायरची घरघर सतत कानात असते. हब बेअरिंग गेल्याचा आवाजही तसाच घरघरीचा, वेगासोबत वाढणारा असतो. सिमेंट रोडवर हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, समृद्धी महामार्गावर तर नाहीच नाही. त्यामुळे कुठेही चांगला डांबरी पट्टा शोधा आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी अगदी हलकी डावी-उजवी झुलवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर जातं, तेव्हा घरघर वाढली तर बहुधा डावं बेअरिंग. झुलवूनही आवाज तसाच राहिला तर टायरचा.

ऑटोमॅटिक असेल तर अर्धा तास गर्दीत चालवा, सीताबर्डीत संध्याकाळी. व्हेंटोच्या काही मॉडेलांत सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. तो तापल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरतो का, हे मोकळ्या रस्त्यावर कळणारच नाही.

लिफ्टवर आणि पाण्याबद्दल

यानंतर गाडी लिफ्टवर. विकणारा लिफ्टला नाही म्हणाला तर तिथेच थांबा, कितीही आवडली असली तरी. बुशवर चिरा आहेत का, शॉकअपवर तेल ओघळलं आहे का, बॉल जॉइंटचं रबरी टोपण फाटलं आहे का, हे डोळ्यांनी दिसतं. आर्म आणि सबफ्रेमच्या मधे लांब प्राय बार (उचकटायची पहार) घालून हलकं दाबलं की बुशचा खेळ कळतो. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावं-उजवं धरून आला तर टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा). सबफ्रेमच्या बोल्टभोवती ताज्या खरचटल्याच्या खुणा किंवा वॉशरचा जुना ठसा बाजूला सरकलेला दिसला, तर सबफ्रेम कधीतरी खाली उतरवली आहे. का उतरवली ते विचारा. क्लचच्या कामासाठी काही गाड्यांत उतरवावी लागते, त्यात गैर काही नाही. पण त्यानंतर अलाइनमेंट झालं का?

स्प्रिंग कापून बसकी केलेली, मोठ्या अलॉयवर गेलेली गाडी मी घेत नाही. बघायला देखणी असते, पण तिचं मूळ संतुलन मोडलेलं असतं आणि सगळे सांधे नेहमीपेक्षा वेगळ्या कोनात झिजलेले असतात. हे माझं मत आहे, त्यावर मी ठाम आहे.

आता पाणी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे झालेला पाऊस आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि कितीतरी गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या. ज्यांच्या घरात पाणी गेलं त्यांचं दुःख मोठं आहे, गाडी विकायची वेळ आली तर त्यात त्यांचा दोष नाही. पण घेणाऱ्याला खरं कळलं पाहिजे. गाडी त्या दिवशी कुठे उभी होती, हे सरळ विचारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते. पुढच्या सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, कार्पेटखालचा फोम, हेडलाइटच्या आतला गाळ, सगळं बघा. बुडालेल्या गाडीत हब बेअरिंग, एबीएसचे सेन्सर आणि वायरिंगचे कनेक्टर सावकाश, महिन्यामहिन्याने त्रास देतात. ‘पुन्हा पुन्हा येणारा दोष’ घडवणारं याहून मोठं कारण मला माहीत नाही. मागच्या विमा पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न घेतल्याबद्दलची सूट, तीही बघा. विकणाऱ्याच्या नावावर पाच वर्षं गाडी आहे आणि बोनस मध्येच शून्यावर आला आहे, तर मधे दावा घेतला आहे. कशासाठी, ते ऐकून घ्या.

कागदांचं थोडक्यात: आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर घ्या, चासिस नंबर गाडीवर स्वतः वाचा. एमएच-31, 40 किंवा 49 ची, म्हणजे नागपूरची, गाडी नसेल, बाहेरच्या जिल्ह्याची असेल, तर एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते का ते आधी विचारून घ्या.

किंमत ठरवताना मी आता एकच पद्धत ठेवतो. लिफ्टवर जे सापडलं ते कागदावर लिहायचं, प्रत्येक पार्टसमोर मजुरीसह भाव टाकायचा आणि अलाइनमेंट त्यात धरायचंच. जोडीने बदलायच्या गोष्टी जोडीनेच लिहायच्या, एकच शॉकअप बदलला तर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते. हा कागद विकणाऱ्यासमोर ठेवला की बोलणं सोपं होतं, कोणाला कमीपणा येत नाही. आणि बिलांच्या फाइलमध्ये एकच पार्ट दोनदा दिसला, तर त्या गॅरेजमध्ये फोन करून विचारा, “दादा, बोल्ट गाडी खाली उतरवून कसले होते की लिफ्टवरच?” ज्याने नीट काम केलं आहे तो लगेच सांगतो.

माझ्या मावसभावाने एक नऊ वर्षांची सेडान पसंत केली आहे. फाइल मी पाहिली, त्यात पुढचे आर्म एकदाच बदलले आहेत आणि त्याच तारखेचा अलाइनमेंटचा कागद सोबत आहे. रविवारी सकाळी सातला सेमिनरी हिल्सला भेटायचं ठरलं आहे आणि साडेआठला त्याच मिस्त्रीकडे पिटची वेळ घेतली आहे.